दिलेलं गाव दिसत नाही

— नाही, कळलं मला. मी खेळायचं, खेळता खेळता मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं, ते या यंत्रात टिपलं जाणार, आणि तुम्ही बाजूला बसून नुसतं ऐकायचं. 'हो' म्हणायचं नाही, 'नाही' म्हणायचं नाही, मी विचारलं तरी. छान आहे पद्धत. आमच्या घरी उलट असतं, मी गप्प आणि बाकीचे बोलतात. म्हणजे खेळ बाजारात यायच्या आधी आमच्यासारख्या जुन्या खेळाडूंना बसवून तुमची कंपनी त्यातल्या चुका काढून घेते, असं ना? — हां, सांगायचं नाही तुम्ही. असू दे. चुका काढायला मला कोणी बोलावलं नव्हतं बऱ्याच दिवसांत. माझ्याच निघत होत्या. नवऱ्यानं तुमची जाहिरात पाहिली आणि म्हणाला, जा, दुपारभर बाहेर पड, पूर्वी रात्र रात्र खेळायचीस. पूर्वी. पूर्वी मी खूप काय काय करायचे. — खुर्ची जरा पुढे घेते हं.

तर. एक झोपडी, एक लाकूडतोड्या, एक विहीर खणायला जागा आणि बाकी न बघितलेला सगळा नकाशा धुक्यात. स्ट्रॅटेजी गेममधली सगळ्यात चांगली वेळ हीच, माझं मत विचाराल तर — आणि विचारायलाच बोलावलंय, नाही का. काहीच नसतं हातात, म्हणून प्रत्येक चालीला वजन असतं. आधी विहीर की आधी कोठार? कोठार. नवे लोक विहिरीकडे धावतात, कारण तहान दिसते; उंदीर दिसत नाहीत. एका वाईट चालीची फळं मग वीस टर्न भोगायची, आणि भोगताना कळतं की हे आपणच केलं, दुसऱ्या कोणी नाही. बरं वाटतं तेही. बाहेर असं कधी नेमकं कळतं? — आणि हे बघा, हे मला आवडलं: या घराच्या छपरावर कणसाचं चित्र आलं. म्हणजे धान्य कमी. टिचकी मारली की कारण — पूल तुटलाय, गाडी येत नाही. पूल बांधला, चित्र गेलं. किती सोपं. किती सभ्य लोक आहेत हे. आमच्याकडे चार महिन्यांची एक आहे, तिच्या डोक्यावर असं काही येत नाही. ती नुसती रडते. दूध झालं, ढेकर झाला, लंगोट कोरडा, ताप नाही, कुठे मुंगी चावलेली नाही — आणि तरी. मग मी तिच्याकडे बघत बसते. कंटाळून नव्हे हं, रागानं तर नाहीच, नुसती बघत बसते, भिंतीकडे बघावं तशी. — हे खेळाबद्दल नाही झालं. काढून टाका तेवढं.

आता दोष. शेजारचा राजा. सगळ्याच खेळांत हा एक वेडा इसम असतो — पिढ्यान्‌पिढ्या मैत्री, भेटी, लग्नसंबंध, आणि मी माझ्याच हद्दीत एक वखार बांधली की लगेच युद्ध. का? तर का ते विचारायचं नाही. तुमचा जरा बरा वाटतोय, निदान आधी निरोप पाठवतो. पण अवघड पातळीवर खेळून पाहिलं मी मघाशी, तुम्ही चहा आणायला गेलात तेव्हा, आणि तिथे तुम्हीही तेच केलंय जे सगळे करतात: शत्रूची अक्कल वाढवायची सोडून त्याला धान्यच जास्त दिलंय. ही लबाडी आहे. माझ्यापेक्षा हुशार माणसाकडून मी आनंदानं हरते. माझ्यापेक्षा दुप्पट कोठारं घेऊन आलेल्या मठ्ठाकडून हरायला मला काय पडलंय? आणि हे सल्लागार! अहो, पाच पाच खिडक्या एका वेळी. राणीसाहेब, लोकर संपली. राणीसाहेब, तटबंदी हवी. राणीसाहेब, सेनापती नाराज आहेत. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. बाळंतपणात हे सगळं बघून झालंय माझं. डोकं झाक, पोट बांध, हिला उपडी नको, हिला उपडी कर, जास्त उचलू नको, किती वेळ रडू देतेस. यांना बंद करायचं बटण द्या, एवढंच म्हणणं आहे माझं, आणि ते बटण मुख्य पानावर ठेवा, सेटिंगच्या सातव्या खोलीत नको.

नणंद मात्र तशी नाही. खरं सांगते, बोलत नाही ती, करते. माझ्याहून बरीच मोठी, ताई म्हणतो आम्ही दोघंही. दोन मुलं वाढवून कॉलेजला घातलीत तिनं. पंधरवडा झाला येऊन. आल्या दिवशी पदर खोचला तो अजून खोचलेलाच आहे. ओटा चकचकीत, लंगोटांच्या घड्या ओळीनं, आणि ती — ती लहान — ताईच्या मांडीवर अशी झोपते, की मला वाटतं हिला झोप येते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी घेतलं की जागी. — बघा, बोलता बोलता गिरणी चुकीच्या काठावर बांधली. वारा उलटा आहे इथे. असू दे, काही सेव्ह बिव्ह उघडत नाही मी. हा माझा जुना नियम. चूक झाली की मागचा डाव उघडायचा, हे फार वाईट व्यसन लावलंय तुम्ही लोकांनी. कुणाला हरता येत नाही त्यामुळे. कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, बाई, हट्टी आहेस. हट्टी होते. आता हट्ट करायला आधी काहीतरी हवं असावं लागतं.

मधला भाग म्हणजे सगळ्या खेळांचा रोग. तुम्हीही सुटला नाहीत. इथून पुढे मी जिंकलेले आहे, तुम्हालाही दिसतंय, तरी अजून तासभर मी हे गहू इकडे, ते लोखंड तिकडे असं टिचक्या मारत बसायचं. नाकापेक्षा मोती जड. लोकसंख्या चाळीसनं वाढली म्हणे. वाढली म्हणजे काय, तर चाळीस माणसं दारातून एकदम बाहेर आली, हातात कुऱ्हाडी घेऊन. यांच्यात कुणी तान्हं असतच नाही. कुणी बाळंतीण नाही. गादीला वारस झाला की तुतारी वाजते, प्रजेचा आनंद दहानं वाढतो आणि राणी दुसऱ्या टर्नला लढाईवर हजर. माझ्या वेळी पण सगळ्यांचा आनंद दहानं वाढला. मी वाट बघत होते माझा वाढायची. येईल, उशिरा येतो कुणाकुणाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होतं असं पुष्कळजणींना, लपवलं नाहीत हे बरं केलंत, आणि गोळ्या दिल्या. घेते मी गोळ्या. वेळच्या वेळी. मी सगळंच वेळच्या वेळी करते, हे नीट लिहा. हेळसांड नाही माझ्याकडून. अंघोळ, तेल, लस, सगळं. फक्त हे करताना आत कुणी नसतं. म्हणजे — घर आहे, दिवा लागलाय, आणि आत कुणी नाही.

— बोलतेय, बोलतेय. हं, हे नदीपलीकडचं गाव. हे माझं आता लोढणं झालंय. दर टर्नला देतं तीन पोती आणि खातं आठ. पूर येतो, पूल जातो, गाडी पोचत नाही, छपरांवर कणसांची गर्दी. यावर तुम्ही एक नवी सोय केलीय, ती चांगली आहे, दुसऱ्या खेळांत नाही: शेजाऱ्याला गाव देऊन टाकायचं. 'सुपूर्द करा'. त्याच्या बाजूनं रस्ता आहे, कोठार आहे, तिथे ते सुखात राहील, आणि माझ्या खांद्यावरचं ओझंही जाईल. सगळे खूश. बरोबर चाल आहे. — तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही काय बोलणार थोडेच आहात. ताई आज संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार. काल जेवताना म्हणाली, हिला मी नेते वर्षभर. तू झोप काढ, औषध घे, नोकरीवर रुजू हो, मन थाऱ्यावर आलं की घेऊन जा. टोमणा नव्हता हं त्यात, एक शब्द वाकडा नव्हता. नवरा म्हणाला, तू ठरव, मी तुझ्या बाजूनं. तिचं गाव रात्रभराच्या वाटेवर. मी म्हटलं, दुपारी येऊन सांगते. माझ्या एका 'हो'साठी बॅग उघडी आहे तिकडे. आणि 'हो' म्हणायला मला काही जड जात नाहीये, हीच तर पंचाईत. जड गेलं असतं तर कळलं असतं काहीतरी. — नाही, तुम्ही समजताय तसं नाही. मूल म्हणजे वसाहत नव्हे, एवढं मलाही कळतं, शिकलेली आहे मी. खेळ खेळ आहे. हे बघा, दाबलं.

झालं. वाजली तुतारी. 'उदार राणी' हा किताब दिलाय मला. आयजीच्या जिवावर बायजी उदार; गावातल्या कुणाला विचारलं? धान्य वर गेलं, खजिना वर, सेनापतीसुद्धा खूश. उत्तम. पटकन जिंकेन आता. — फक्त — एक मिनिट. ते गाव कुठे गेलं? इथे होतं ना, वळणाच्या पुढे? नकाशा सरकवते... धुकं. अहो, धुकं कसं येईल तिथे? ते माझं बघितलेलं आहे सगळं. ती विहीर मी खणली. गिरणीमागची तिरकी पायवाट मी काढली, गाढवं चिखलात रुतायची म्हणून. दुसऱ्याचं झालं हे मान्य, पण दिसायला काय हरकत आहे? कणसाचं चित्र आहे की गेलं, एवढंच. जरा उजवीकडे — नाही. टिचकी मारली तर म्हणतो, 'या प्रदेशाची माहिती नाही.' मला नाही माहिती? मला? — हा दोष लिहा. मोठ्या अक्षरांत लिहा. दिलेलं गाव नंतर दिसत नाही. मला ते परत नकोय, मी काही परत मागत नाहीये, चाल बरोबरच होती, मी फक्त बघायला मागतेय. बघायचं बटण कुठे आहे? कुठल्या पानावर ठेवलंय? सेटिंगमध्ये? — नसेलच. तुम्ही लोकांनी विचारच केला नसेल, की देऊन टाकल्यावर कुणाला बघावंसं वाटेल. मलाही कुठे वाटलं होतं. आत्तासुद्धा वाटतंय असं नाही म्हणत मी. हात सरकवतोय माऊस, मी नाही, —

थांबा.

— काही नाही. तिकडे बघा जरा. भिंतीकडे बघा, प्लीज. ओढणी कुठे गेली... ही इथे. काही नाही हो, दूध आलंय. कुर्ता भिजला पुढून. तिची वेळ झाली असेल. घड्याळ कशाला, झालीच असेल. अंगाला कळतं, मला नाही कळत. मला आत्ता या क्षणी, तुम्हाला सांगते, काही म्हणजे काही वाटत नाहीये, तुमच्या त्या यंत्रात पुन्हा ऐकून बघा, आवाज तरी हललाय का माझा? — फोन करते. खेळ चालू राहू दे, नाहीतर बंद करा, तुमची मर्जी.

— हॅलो, ताई? मी. रडतेय ना? — कळलं. — नाही, ऐकू नाही येत, तसंच कळलं. ताई, तिचे कपडे बॅगेत भरले असतील ना? ते काढा बाहेर. — नाही हो, तुमचं काय चुकलं, तुमचं काहीच चुकलं नाही. — नाही, बरं वगैरे काही वाटत नाहीये. तसंच आहे. — हो, तरी. — ते मलाही नाही सांगता येत. तुम्ही थांबता का अजून आठवडाभर? तिच्यासाठी नाही. माझ्यासाठी. — बरं, तुमच्या भावाशी बोला, मग ठरवा. नाही जमलं तर नाही. — आणि वरचं दूध देऊ नका आत्ता, मी निघालेच. रडू दे जरा.

— वळा इकडे, झालं. नाही, उरलेला डाव नको, तुम्ही संपवा, जिंकलेलाच आहे तो. जरा सरका, मला पाय काढायला जागा द्या.