अंगदचं नाव काढा

नाही हो, कॉम्प्युटर विकायचा नाही, सुदर्शनराव, तो विमानांचा खेळ तेवढा काढायचा – मुळासकट काढा, मागं काही राहता कामा नये. पाणी घ्या, पण अर्धाच पेला देतो, टँकर अजून आला नाही. शेजारच्या नव्या बिल्डिंगांच्या बांधकामाला पाणी आहे, आम्हाला नाही – जाऊ द्या. तर हा खेळ. अंगदनं, माझ्या नातवानं, यात टाकून दिला. "आबा, जन्मभर पोरांना फिजिक्स शिकवलं, आता उडून बघा." बघितलं! किळस आली. समोरचं विमान कॉम्प्युटर चालवतो ना, त्याला नियमच नाहीत. मी जोरात वळलो तर पंख मोडतात, तो जागच्या जागी वळतो माशीसारखा. माझं इंधन संपतं, त्याचं संपत नाही. ढगाआड लपलो तर त्याला दिसतो कसा? दिसतोच! ही लढाई आहे का? शुद्ध लबाडी. परीक्षेत कॉपी करणाऱ्याचा पेपर मी काढून घ्यायचो, इथं कुणाचा काढून घेऊ?

आणि आपल्या बाजूचा सोबती, तोही कॉम्प्युटरच, पण हा लई अडाणी. मागं ये म्हटलं की सरळ येतो, मधे डोंगर असला तरी सरळच – आदळला. कॅम्पेन म्हणजे काय, तर एकामागून एक लढाया, आणि एकदा गेलेला सोबती पुढच्या लढाईत नसतो – नावापुढं 'मृत' लागतं, लाल अक्षरात, आणि ते तसंच राहतं. त्या सोबत्याला नाव द्यायचं होतं. मी अंगद दिलं. व्हय, माझंच चुकलं – पण दुसरं कुठलं सुचणार? हसू नका. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, वर्गात मी थट्टा करायचो असल्यांची. पण अंगदच्या आईनं, आमच्या रत्नमालानं, पडद्यावर ते वाचलं आणि तिचा जीव थाऱ्यावर नाही. पोरगं खरंच विमान चालवायला शिकतंय ना, आज पहिल्यांदा एकटं उडणार, शेजारी शिक्षक नाही. म्हटलं, त्याआधी हे निघालेलं बरं. तिच्यासाठी हो. मला काय!

अहो, तिला हाक कशाला मारता? नको! तिला – तिला यातलं काही ठाऊक नाही. ती फाटकावर टँकरची वाट बघत उभी आहे, या खोलीत येतसुद्धा नाही. बरं, ते सोडा.

काय म्हणता, पहिल्यापासून सुरू केलं की सगळे पुन्हा जिवंत? नको. पुन्हा तोच डोंगर, पुन्हा तेच गाढव. काढाच. काय विचारतोय तो कॉम्प्युटर, खात्री आहे का? थांबा – 'हो' म्हटलं तर नुसतं 'मृत' जाईल की नावपण जाईल? दोन्ही. हं. नावपण. ... खिडकी वाजली ती? काही नाही, चिकलठाण्याच्या विमानतळावर विमान उतरतंय, रोजचंच आहे. मी उगाच बघतो.

फोन! माझाच, तिकडं टीव्हीजवळ. बघा कुणाचा – चष्मा कुठं गेला – नको, नंबर वाचू नका. वाजू द्या. आधी 'हो' दाबा. दाबा म्हणतो ना! दाबलं? गेलं सगळं? नक्की? आता द्या इकडं फोन. आणि तुम्ही जरा बाहेर थांबा.