मामंजींच्या वतीने सोंगट्या

सासऱ्यांच्या गोष्टी निघाल्याच आहेत, तर माझीही ऐका गं. लग्न होऊन मी गिरगावात आले, ते प्लेगचं साल. सगळे घरातच बसून. संध्याकाळी कोणता खेळ मांडायचा, यावर रोज वाद. भाऊजींना पत्ते हवेत, वन्संना सोंगट्या. मामंजींची दृष्टी गेलेली. ते म्हणायचे, "तुम्ही खेळा, मी ऐकतो."

मला फार वाईट वाटायचं. पण सासऱ्यांसमोर सुनेने बोलायचं नाही, ही घरची रीत. एके दिवशी सोंगट्यांचा पट मांडला आणि मला राहवेना. दाराआडून म्हणाले, "कवड्या मामंजींनी टाकाव्या. दान मी सांगेन, सोंगट्याही मीच हलवीन."

सासूबाईंनी डोळे वटारले.

"हा आवाज कुणाचा?" मामंजींनी विचारलं.

"सूनबाईचा. चुकलं तिचं," सासूबाई म्हणाल्या.

"तिचं कसलं? इतके महिने ती घरात आहे आणि मला आज ऐकू आली, हे आपलं चुकलं." मग मला म्हणाले, "ये बाळ, माझ्याशेजारी बस. आणि दान मोठ्याने सांग."

तो डाव आम्ही हरलो. पण सासरी आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मला जेवण गोड लागलं.