पान फाडलं, पण नंबर पाठ

…नाही, मला एक सांगा, गाण्याला काही मुदत असते की नाही? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं इथे फिलिपिन्समध्ये, सेबूच्या बाजारात सुकी मासळी विकतोय, कुठला माल किती टिकेल ते नुसत्या वासावरून सांगेन, पण हे एक प्रेमगीत… मी दुकान थाटलं तेव्हाचं, अजून खवट व्हायला तयार नाही! बाप्तिस्म्याला तेच, लग्नाला तेच, मयताला शवपेटीशेजारी बसून तेच. गाणं वाईट नाही हो. पण किती?

तर गेल्या रविवारी दुपारी आमच्या लेकीला, मारिव्हिकला, मागणी घालायला मुलाचा बाप येणार होता. क्रिसांतो. विधुर माणूस, होड्या दुरुस्त करतो, दिवसाला चार शब्द बोलतो आणि त्यातले दोन खिळ्यांशी. आता मागणी त्यानेच तोंडाने घालायची, तोवर लग्न ठरलं म्हणता येत नाही. मी अख्खं डुक्कर भाजलं, कराओकेचं मशीन भाड्याने आणलं, त्याशिवाय पाहुणे टिकतात कुठे, आणि ज्या पुस्तकात बघून गाण्याचा नंबर मशीनवर दाबतात, त्यातलं या गाण्याचं पान गुपचूप फाडून टाकलं. म्हटलं, आज तरी सुटलो.

कसला सुटतोय! आमच्या सासूबाई, फेलिसा, वय ऐंशी, स्वतःची जन्मतारीख विचारली तर लेकीकडे बघतात, पण त्या गाण्याचा पाच आकडी नंबर तोंडपाठ! पुस्तक न उघडताच दाबला. आणि ते गाणं त्यांचं, बरं का. आमच्या गल्लीत ज्याचं गाणं त्याचं, दुसऱ्याने म्हटलं तर वर्षभर अबोला. सूर सुरू झाले आणि हा क्रिसांतो, जेवणभर मान वर न केलेला, उठला, आणि त्याने सासूबाईंच्या हातातून माईक घेतला!

बायको माझ्याकडे बघतेय, मी डुकराकडे बघतोय, मारिव्हिकने तर डोळेच मिटले. गेली सोयरीक.

क्रिसांतो गायला. बेसूर म्हणजे… जाऊ द्या. दुसऱ्या कडव्यात थांबलाच. "बायको माझी भांडी घासताना म्हणायची," एवढंच बोलला. गाणं पुढे चाललेलं. सासूबाईंनी दुसरा माईक उचलला आणि राहिलेली ओळ धरली. शेवटी मशीनने गुण दिले शंभरात एकसष्ट.

"पुन्हा लावा," सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा गुणांत तुमच्या बायकोला काय वाटेल?"

तीनदा गायले हो, तीनदा! गाणं वाईट नाही, मी कुठे म्हणतोय, पण तीनदा? आणि तिसऱ्यांदा संपल्यावर क्रिसांतो माईकवरूनच मला म्हणाला, "तुमची पोर आम्हाला द्या. मे महिन्यात लग्न करू. अट एकच, हे गाणं आपण दोघा बापांनी मिळून म्हणायचं." अख्ख्या गल्लीने ऐकलं. आता नाही म्हणतो कुठे?

म्हणून रोज दुकान बंद केलं की सराव. गाणं वाईट नाही हो… पण चोपन्नच्या वर गुणच पडत नाहीत. सासूबाई म्हणतात, जावईबापू, सूर राहू द्या, आधी दुसऱ्या कडव्याला रडायचं बंद करा.