दारातल्या खुर्चीचा सोक्षमोक्ष

...अहो, पण लावायचा म्हणजे लावायचा कसा, ते तरी सांगा ना कुणीतरी! तुम्हाला सांगतो, हा शब्द आमच्या घरात आणला बायकोने. "आज सोक्षमोक्ष लावूनच या!" आता भांडण म्हणाली असती तर ते मी रोजच करून येतो, त्याचं काय एवढं? पण सोक्षमोक्ष म्हणजे भांडण नव्हे बरं का! भांडणात उद्यासाठी थोडं शिल्लक ठेवता येतं. इथे समोरासमोर बसायचं, पोटात असेल नसेल ते ओकायचं आणि उठायचं ते निकाल घेऊनच... इकडे नाहीतर तिकडे!

आणि हा लावायचा कुणाशी? तिच्याच सख्ख्या धाकट्या भावाशी! आमचं दोघांचं मिळून सलून, खुर्च्या दोन. दारातली मेव्हण्याने पटकावली, आलेलं गिऱ्हाईक तिथेच टेकतं. मला आतली, बेसिनजवळची... तिथे येतात ते डुलकी काढायला! हात गंजले हो माझे, रडू येतं कधीकधी. बायको म्हणते, दारातली खुर्ची एक आठवडा त्याला, एक आठवडा आपल्याला. रास्त आहे की नाही? मग लावा सोक्षमोक्ष!

गेलो. छाती काढून गेलो. "हे बघ मेव्हण्या, आज मला तुझ्याशी..." तर म्हणतो कसा, "आधी बसा ना भाऊजी, फेस तयार आहे!" आमची रीतच तशी. दुकान उघडायच्या आधी त्याने माझी दाढी करायची, मग मी त्याची. दाढी करणाऱ्याचीच दाढी वाढलेली दिसली तर गिऱ्हाईक थांबेल का? बसलो. म्हटलं, बसून लावू सोक्षमोक्ष! तर हा पठ्ठ्या वस्तरा गळ्यावर टेकवून लाडात विचारतो, "भाऊजी, दारातली खुर्ची आता मलाच राहू दे, कायमची. चालेल ना?"

वस्तऱ्याखाली माणूस काय बोलणार हो? मान हलवायची सोय नाही! "हं..." म्हणालो. "हं" म्हणालो मी!

म्हटलं, थांब, आता माझी पाळी. वस्तरा माझा, गळा तुझा, आता लावतोच सोक्षमोक्ष! "मेव्हण्या, ते मघाचं खुर्चीचं..." बघतो तर स्वारी घोरतेय! मान मागे टाकून, गळा उघडा टाकून, निर्धास्त! राग आला हो, खूप आला. पण इतक्या विश्वासाने झोपलेल्याशी भांडायचं कुठून? केली गुपचूप दाढी.

घरी बायको दारातच उभी. "लागला सोक्षमोक्ष?"

"लागला."

"मग? काय मिळालं आपल्याला?"

मी गाल पुढे केला. म्हटलं, "हात फिरवून बघ... एक खुंट तरी लागतोय का हाताला!"