आवाज थांबला की हात वर

माझं माहेर चांदीप. वसई तालुक्यातलंच, पण समुद्राकडचं नव्हे, पूर्वेकडचं, डोंगराच्या अंगाचं, तिकडे आमची भातशेती. आम्ही घरात पानी म्हणायचो, लोनी म्हणायचो, कोन आला म्हणायचो, आणि शाळेत बाई म्हणायच्या, सुनंदा, जीभ वर लाव, ण म्हण. मी शिकले ण म्हणायला. मग घरी येऊन पाणी मागितलं की आय म्हणायची, आली बघा शेटानी, हिला तांब्यात नको, गिलासात द्या. हे आधीच सांगते, कारण त्या बोलीवर माझा मुलगा पुढे गाणी करेल असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर आयनेच त्याला वेड्यात काढलं असतं.

लग्न होऊन मी चंदनसारला आले. आमच्या ह्यांचा, प्रकाशचा, साउंडचा धंदा. लग्न, हळद, सत्यनारायण, गणपती, जिथे माईक लागतो तिथे आम्ही. मी पहिल्या वर्षी घरातच होते, पण हे एकदा हळदीला गेले आणि स्टँड घरी विसरले, एकदा स्टँड नेले आणि वायर विसरले, तेव्हा मी म्हटलं, हे असं चालायचं नाही. टेम्पोच्या दाराला आतून पुठ्ठा लावला आणि काय काय चढवायचं ते क्रमाने लिहिलं, तेव्हापासून मीच चढवते, मीच उतरवते, आवाज कमीजास्त करायच्या मशीनवर मीच बसते. लोक म्हणायचे, स्पीकरवाली आली, आता वेळेवर सुरू होणार. मला बरं वाटायचं.

माईकवर मात्र हेच असायचे. आवाज काय सांगू तुम्हाला, गोड आणि भरदार, आणि यांची एक खोड होती. हळदीला नवरदेवाचं नाव पुकारताना म्हणायचे, आणि आता मंडपात येत आहेत आपल्या सर्वांचे लाडके... आणि थांबायचे. बराच वेळ थांबायचे. लोक हसायला लागायचे, कोणी ओरडायचं, बोला हो प्रकाशभाऊ, नवरा म्हातारा होईल, आणि मग हे नाव घ्यायचे. सगळ्या पट्ट्यात प्रसिद्ध होतं ते थांबणं.

एका हळदीला पाऊस पडून गेला होता, मंडपात चिखल, आणि वीज शेजारच्या घरातून ओढलेली. तीन पिनांचा प्लग तुम्हाला माहीत असेल, त्यातली वरची जाड पीन अर्थिंगची, ती त्या घरातल्या कोणीतरी कापून टाकली होती, जुन्या भोकात बसत नव्हती म्हणून. ते मला नंतर कळलं. हे म्हणाले, आपल्या सर्वांचे लाडके... आणि थांबले. लोक हसले. मीही हसले. मशीनवर बसून मी हसत होते, आणि मग मला दिसलं की यांचा माईक धरलेला हात थरथरतोय आणि बोटं अशी आवळलीत की नखं पांढरी पडलीत. मी मेन स्विच खाली ओढला. हे पडले.

वाचले. देवाची कृपा म्हणा. पण उजव्या हाताची बोटं भाजून आत वळली ती वळलीच, किती व्यायाम झाले, तेल लावून झालं, मूठ पूर्ण उघडत नाही. आणि माईक सुटला. माईकच काय, कार्यक्रमाला येणंच सुटलं, दुकानात बसतात, फोन घेतात, बुकिंग सांगतात. वायरमनने मला समजावलं होतं, वहिनी, करंट धरतो तेव्हा माणूस स्वतःहून मूठ उघडू शकत नाही. त्याने सहज सांगितलं. माझ्या डोक्यात ते खिळ्यासारखं बसलं.

तेव्हापासून मी पुठ्ठा बदलला. सगळ्यात वर जमिनीत ठोकायचा अर्थिंगचा रॉड. मग टेस्टर. मग रबरी पट्टा, माईकवाल्याच्या पायाखाली टाकायला. करंट गळला की आपोआप पडतो तो स्विचही बसवून घेतला. एवढं सगळं करूनही भाषण चालू असताना पुढारी घोटभर पाणी प्यायला थांबला तरी माझा हात मेनवर जातो. पुढारी तसे फार थांबत नाहीत म्हणून धंदा चालला.

ओंकार आमचा एकुलता एक. आमच्याच गोडाऊनमध्ये, स्पीकरच्या ढिगात बसून तो काहीतरी बडबड करायचा, ताल धरून, भरभर. मला वाटायचं पाठांतर चाललंय, त्याला रॅप म्हणतात हे मागून कळलं. मग एव्हरशाईन सिटीतली त्याची मैत्रीण निशी यायला लागली, घरात हिंदी बोलणारी, लॅपटॉपवर ठेका बनवायची आणि हिंदीत तशीच भरभर बोलायची. ती विचारायची, कहाँ से है तू, आणि हा आजीच्या बोलीत सांगायचा, पानी आमचं, नल तुमचा. मी म्हटलं, अरे, हे गाणं आहे की भांडण? निशी म्हणाली, आंटी, दोनों.

तिसरे आले बास्त्याव अंकल. पश्चिमेकडच्या ख्रिस्ती गावातले, लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवून केस पिकलेले, आणि वडील मुंबईच्या हॉटेलात जॅझ वाजवायचे म्हणून ते अंकलांच्या कानात लहानपणापासून. आमच्याकडे स्पीकर भाड्याने घ्यायला आले आणि गोडाऊनमधला आवाज ऐकून तिथेच बसले. या तिघांचा बँड. नाव ठेवलं खाजण, म्हणजे गोडं आणि खारं पाणी जिथे एकमेकांत मिसळतं ती जमीन. आय म्हणाली, खाजनात काय पिकतं रं, निवट्या मासे नि चिखल. ओंकार म्हणाला, आजी, तेच पिकवायचंय.

अंकल त्यांना एकच शिकवायचे. बडबड कोणीही करेल बाबांनो, थांबायला शिका. गाणं धावत असताना मध्येच सगळ्यांनी एकदम गप्प व्हायचं, आणि ती शांतता लोकांच्या अंगावर आली की मग परत उडी मारायची. तालमीत मी स्वयंपाक करताना ऐकायचे, आणि आवाज तुटला की माझ्या हातातलं उलथनं तसंच राहायचं. मी ओंकारला सांगितलं, तुझ्या बापासारखं थांबू नकोस. तो म्हणाला, आई, मी बाबांकडूनच घेतलंय ते.

पहिला मोठा कार्यक्रम एका कॉलेजच्या मैदानावर झाला. मी म्हटलं बिनवायरीचा माईक घे. घेतला, पण उघड्या मैदानात तो भरभर बोललेले शब्द गिळतो, तिथल्या तालमीतच दिसलं, म्हणून ओंकारने वायरचा धरला. मी रॉड ठोकला, पाणी ओतलं, टेस्टर लावला, पुन्हा लावला. निशी हसून म्हणाली, आंटी, माईक को बुखार है क्या? गाणं रंगलं. पोरं उड्या मारत होती. आणि ओंकार थांबला. मला माहीत होतं तो थांबणार आहे, तालमीत शंभरदा ऐकलं होतं, तरी समोर तो, हातात माईक, तोंड अर्धं उघडं, आवाज नाही, आणि लोक हसतायत. मी मेन ओढला.

सगळं बंद. दिवे, स्पीकर, सगळं. अंकलांना विजेची गरज नाही, ते एकटेच वाजवायला लागले, बिचारे, पण मागच्या पोरांना काही ऐकू येईना, शिट्ट्या सुरू झाल्या, कोणीतरी ओरडलं, बिल भरा बिल. ओंकार माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा मला बघवेना. म्हणाला, आई, पुढच्या वेळी मी दुसरा साउंडवाला घेतो. चिडून नाही म्हणाला, हळू म्हणाला, ते जास्त लागलं.

घरी हे म्हणाले, आमच्या घरात फ्यूज लावायची गरज नाही, तुझी आईच उडते. थट्टा केली, पण ओंकार हसला नाही. आणि मला कशाची भीती वाटली सांगू? दुसरा साउंडवाला रॉड ठोकेल का? तो मोबाईल बघत बसेल. माझं पोर थांबेल, लोक हसतील, आणि मेनवर कोणाचाच हात नसेल. मी दोन दिवस जेवले नाही नीट. ओंकारला म्हटलं, तू दुसरा घे, मी फक्त मेनपाशी उभी राहीन. तो म्हणाला, तिथेच तर अडचण आहे ना आई.

अंकलांनी तोड काढली. म्हणाले, सुनंदाबाय, आमचा बँड लग्नात रस्त्याने चालतो, मागच्या ढोलवाल्याला पुढचं काही ऐकू येत नाही. तेव्हा पुढचा मास्तर थांबायच्या वेळी हात वर करतो, पंजा उघडून. मागच्याला कळतं, मास्तर स्वतः थांबलाय, दम लागून पडला नाही. मग ओंकारला म्हणाले, थांबलास की मोकळा हात वर कर. मी म्हटलं, मोकळा नाही. ज्या हातात माईक असेल तोच. माईक दुसऱ्या हातात घे आणि धरलेला पंजा उघडून दाखव. पाची बोटं. मला उघडी बोटं दिसली की मी मेनला हात लावणार नाही, शब्द देते. ओंकारने शेजारी बसलेल्या बापाच्या हाताकडे बघितलं. म्हणाला, बरं.

तसं सुरू झालं. गाणं धावतं, थांबतं, आणि हात वर, बोटं उघडी. निशीही करायला लागली. ऐकणाऱ्यांना वाटलं ही यांची स्टाईल. आता कुठेही गेलो की शांतता आली रे आली, मैदानभर पंजे वर. पोरं फोटो काढतात, शर्टावर पंजा छापतात. त्यांना कोणी सांगितलेलं नाही तो कशाला आहे. मी मशीनवर बसून एकच पंजा बघते, बाकीचे नाही.

मग आयने हट्ट धरला, गावदेवीच्या जत्रेला आनाच माज्या नातवाला, माजी बोली मलाच आयकवू नका, गावाला आयकवा. आणि यांना फोनवर म्हणाली, जावय, तुमी नाय आलात तं मी पन नाय जानार. हे हूं हूं करत राहिले. मला वाटलं येणार नाहीत, इतकी वर्षं आले नाहीत.

कापणी झालेल्या शेतात मंच बांधला होता, आणि खाली जमीन ओली. ओली जमीन बघितली की मला अजून तो चिखल दिसतो. वीज देवळातून ओढलेली. मी प्लग उघडून पीन बघितली, होती. रॉड ठोकला. ऊन उतरता उतरता गाणं सुरू झालं, आय पुढे खुर्चीवर, ओंकार तिच्याच बोलीत बोलत होता, आणि म्हाताऱ्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, आयकलंस का गं, आपलंच बोलतोय. आणि तो थांबला.

पंजे वर गेले, सगळ्या शेतभर. आणि त्या पंजांमध्ये मला एक मूठ दिसली. आवळलेली, न उघडणारी, बोटं आत वळलेली. मेनवर हात होताच, ओढायलाच घेतला, अर्धा खाली आला असेल. आणि मग दिसलं की ती मूठ मंचावर नाही. खाली आहे, पोरांच्या गर्दीत, आणि तिच्याखाली आमच्या ह्यांचं टक्कल.

ते आले होते. मला न सांगता आले होते, आणि सगळ्यांसारखा हात वर केला होता, जेवढा उघडेल तेवढा उघडून. मंचावर ओंकारनेही बघितलं. तो ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबला, बापाकडे बघत, पाची बोटं उघडी ठेवून. मी मेन सोडला. हात असा मांडीवर ठेवला.

नंतर हे म्हणाले, पोरगा माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबतो. एवढंच.

भीती गेली का, तुम्ही विचारताय. नाही गेली. पुढच्या रविवारी पुन्हा कार्यक्रम आहे, रॉड पहिला चढवलाय, हा बघा. पण आता टेम्पोत आणि मशीनवरही माझ्याशेजारी हे बसतात, आणि आवाज थांबला की आम्ही दोघं एकाच हाताकडे बघतो. तुम्हालाही सांगते, घरी मुलंबाळं असतील, प्लगची ती जाड पीन कोणी कापू देऊ नका. आणि सगळ्यांच्या पोरांचे हात उघडे राहोत, बाकी काही मागत नाही मी.