गणपतरावाचा नुसता रस्सा

अबे, आणीबाणीच्या आधी जऊळक्याले आमच्या शेजारी गणपतराव राहत, माह्या बापाचे जिगरी दोस्त. आमच्या घरी बैलाची कलेजी शिजली, की हे घरून भाकर बांधून मागच्या दारानं हजर.

आईले म्हणत, "वहिनी, फोडी नोको. मी कलेजी खात नाही. रस्सा तं नुसता मसाला असते."

सारा रस्सा ते वरपत, अन् आमी कोरड्या फोडी चावत बसो.

एक दिवस आई चिडली. तिनं त्याइच्यासाठी बिनकलेजीचा रस्सा केला. पहिल्याच घासाले गणपतरावानं ताट सारलं.

"वहिनी, दोस्तीत दगा? याच्यात कलेजीच नाही!"

"तुमाले काय ठाऊक जी? तुमी तं खात नाही."

गणपतरावानं सारलेलं ताट पुढं केलं. 

"वाढा फोडी. मी डोये मिटतो."