बारा शब्दांचा जप

नऊ वाजून सतरा मिनिटं. नाही मावशी, सव्वानऊ नाही, नऊ सतरा — दूध उतू गेलं म्हणून मी घड्याळाकडं बघितलं, तिथनं हे सगळं सुरू झालं. अक्षय्यतृतीयेला दोन वर्षं झाली. मुहूर्त भटजींनी नव्हता दिला, हिरामण सरांनी दिला होता. कोण हिरामण सर? तुमच्या भाच्याचे गुरू! सातपूरला हॉल भाड्यानं घेतात, दर रविवारी शंभर-सव्वाशे माणसं, चपला बाहेर काढून — हो, चपला बाहेर — आणि आत मोठ्या पडद्यावर कॉइनचं चित्र — फोनवर विकत घेतात ते, यांनीही घेतले. नाणं म्हणावं तर हातात येत नाही, वाजत नाही, दिसतसुद्धा नाही. मी यांना म्हटलं, अहो, न दिसणारं नाणं घेऊन करायचं काय? तर म्हणे, देव तरी कुठं दिसतो तुला, तरी नारळ फोडतेसच ना. घ्या! सातवी शिकलेल्या बाईनं यावर काय बोलायचं? म्हटलं, नारळ फोडला तर निदान खोबरं तरी हातात येतं. तर आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

चहा घ्या, गार होतोय. पोरीला नका विचारू नाव. वेदिकाच ना, तुम्हाला माहीत आहे की. बोलत नाही ती. बिस्कीट द्या हातात, घेईल. पण विचारू नका काही.

तर काय सांगत होते — हां, भाव चढला की सर म्हणायचे कृपा झाली, पडला की म्हणायचे परीक्षा चाललीय. म्हणजे चुकायची सोयच नाही! आणि परीक्षेत जो विकेल तो नापास. यांच्या कंपनीतला राजू होता ना, आमच्याकडं जेवायला यायचा तो, त्यानं बायकोच्या बाळंतपणाला विकले. झालं. ग्रुपमधून काढला, बसमध्ये शेजारी कोणी बसेना, बारशाला एक माणूस गेला नाही. तुमच्या भाच्यानं तर त्याला बघून मान फिरवली. माझ्यासमोर. आणि मीही फिरवली, खरं सांगते. कोण भांडण करणार घरात?

आता ऐका. त्या कॉइनची तिजोरी असते म्हणे, आणि तिची किल्ली म्हणजे बारा शब्द. इंग्रजी. बाराही ओळीनं सांगितले तरच उघडणार, नाहीतर कोणाच्या बापाला नाही. आणि सर म्हणाले, ज्याच्या हातात विकायचं बटण त्याच्या डोक्यात शब्द नकोत, माणूस घाबरतो आणि विकून बसतो. घरात ज्याला लोभ नाही त्याला शब्द द्या, फोनमधनं पुसा, कागद जाळा. आणि लोभ नसलेलं माणूस आमच्या घरात कोण? तुमची बहीण. मी नाही हां, मला नाही विचारलं. मी लोभी! यांनी आईंना देवापुढं बसवलं, तीन दिवस एकेक शब्द म्हणून घेतला, आणि सरांच्या मुहूर्तावर कागद निरांजनावर धरला. तेवढ्यात इकडं दूध उतू गेलं. आई म्हणाल्या, शुभ असतं.

आईंना अक्षर ओळखू येत नव्हतं, पण पाठांतर तुम्हाला माहीतच आहे. सगळ्या आरत्या तोंडपाठ. रोज आंघोळ झाली की माळ घेऊन बसायच्या — ओम लेमन कॅमल रिबन — पुढं ओठांतल्या ओठांत, मला ऐकू येऊ नये म्हणून. मी एकदा म्हटलं, आई, कॅमल म्हणजे उंट. कानावर हात ठेवले हो त्यांनी! मंत्राला अर्थ विचारत नसतात, म्हणाल्या. देव्हार्‍यातल्या देवांना दोन वर्षं उंट आणि लिंबू ऐकवलं, आणि चेहर्‍यावर काय तेज! हसू नका. की रडताय? रडा, पण हळू.

मग गेल्या महिन्यात तोंड वाकडं झालं. दात घासता घासता. तुम्हाला निरोप दिला होता, तुमची भातलावणी चाललेली. असू दे, मी काही बोलत नाही. दवाखान्यात दुसर्‍या दिवशी जरा सुधारल्या, जीभ हलायला लागली, तर पहिलं काय म्हणावं — लेमन. नर्सनं विचारलं, सरबत हवंय का? यांचा चेहरा पांढरा पडला. लोक ऐकतील म्हणून, स्वतः सही करून घरी घेऊन आले. डॉक्टर ओरडत होते, नेऊ नका. तुम्हाला काय सांगितलं, डॉक्टरांनीच सोडलं? हो, सगळ्यांना तेच सांगितलंय.

या इथं, तुम्ही बसलात ना, तिथंच गादी घातली होती. शिकवले यांनीच, पण आता यांनाच आठवेनात; वही घेऊन बसले. आई, पुढचा. आई, पुढचा. आठ आले. नववा येईना. आई पाणी मागत होत्या. शुद्धीत होत्या हो, माझ्याकडंच बघत होत्या. हे म्हणाले, आधी शब्द, मग पाणी. चमचा? चमचा माझ्या हातात होता. असं काय बघता? मी काय करणार होते? मला एक पोर आहे, माहेरी भावजय उभी करत नाही. धरून बसले चमचा. मी ओठ ओले केले त्यांचे, कापसानं... नाही केले. तुमच्याशी काय खोटं बोलायचं. नंतर केले. नंतर काय, सगळ्यांनीच केले, तुम्हीसुद्धा केलेत, गंगाजळानं.

आणि दहाव्याला घाटावर कावळा शिवेना, आठवतंय? तुम्ही बायकांत मागं होतात, यांनी हात जोडून काय कबूल केलं ते ऐकलं नसेल. म्हणाले, आई, कॉइन विकणार नाही. आणि मेला कावळा आला! विकणार नाही म्हणे. विकता येतंय कुठं? पण ग्रुपमध्ये फोटो गेला, सरांनी लिहिलं, मातेचा आशीर्वाद, शंभर जणांनी हात जोडले.

काय म्हणाली ती? काही नाही म्हणाली. वेदू! इकडं ये. ये म्हटलं ना — गप्प! गप्प बस! चिमटा काढला तर काय झालं मावशी, माझं पोर आहे. बघा, रडतसुद्धा नाही, सवय झालीय. तुमचा चेहरा आईंसारखा ना, म्हणून सुटलं तिच्या तोंडून. दोन वर्षं आजीच्या मांडीवर बसून ऐकलंय तिनं. बारा. बाराच्या बारा, ओळीनं. आई गेल्या त्याच्या दुसर्‍या दिवशी आंघोळ घालताना म्हणून दाखवले मला, टाळ्या वाजवत. मी तिथंच पहिला चिमटा काढला. मग दुसरा. कोणताही शब्द आला की चिमटा, कारण कोणत्या शब्दामागून ते येतील मला काय माहीत? आता मला आईसुद्धा म्हणत नाही.

डॉक्टरला दाखवू म्हणता? आणि बोलायला लागली तर? परवा हे तिला मांडीवर घेऊन विचारत होते — आजी काय म्हणायची गं, सांग, चॉकलेट देतो. आज चॉकलेट आहे मावशी. उद्या चमचा असेल. आणि तो कोणाच्या हातात देतील?

निघा आता. तेरावं करून आजच कामावर गेलेत, पहिल्या पाळीची बस येईल एवढ्यात. घोटीला गेलात की एक करा. सांगा, माझ्या बहिणीच्या, लंकाबाईच्या नातीची तापात वाचा गेली. यांना मी तेच सांगितलंय, पण माझं एकटीचं ऐकतात का ते! दहा तोंडांनी ऐकलं की मात्र काहीही मानतात. कॉइनचं तसंच तर मानलं. तेव्हा जीपमध्ये सांगा, बाजारात सांगा, फोन करून यांनाही विचारा, खरंच का रे वाल्मीक, पोरगी मुकी झाली म्हणे? रडून विचारा.

वेदू, आजीला टाटा कर. हातानं. नुसतं हातानं. — सांगा हं मावशी, सगळ्यांना सांगा.